लांडग्यावरचा आळ : ल्युपस, त्वचा आणि केस यांचा इतिहास

फारसी-उर्दूत एक शब्दप्रयोग आहे, 'गुर्ग-ए-यूसुफ'. यूसुफचा लांडगा. गुन्हा केलेला नसताना ज्याच्या माथी तो मारला गेला, त्याच्याबद्दल हे म्हणतात. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांना भावांनी विहिरीत टाकले, संध्याकाळी रडत घरी आले आणि वडिलांना सांगितले की त्याला लांडग्याने खाल्ले. पुरावा म्हणून सदऱ्याला खोटे रक्त लावून आणले. तफसीर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे की हजरत याकूब यांनी तो सदरा नीट पाहिला. सदरा कुठेही फाटलेला नव्हता. मुलाला खाणारा आणि सदरा शाबूत ठेवणारा हा कसला लांडगा?

उर्दू शिकवताना हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो. एका आजाराचा इतिहास वाचताना तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला. त्या आजाराचे नाव ल्युपस. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. आजच्या अरबीत या आजाराला 'अल-जिअबा अल-हमरा' म्हणतात, म्हणजे लाल लांडगी. स्त्रीलिंगी नाव योगायोगाने का होईना, नेमके बसले आहे. या आजाराच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि त्यातल्या बहुतेक ऐन तारुण्यात आजारी पडतात.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. सांधे, मूत्रपिंड, रक्त, हृदय, मेंदू, कशालाही झळ लागू शकते. पण बाहेरच्या माणसाला दिसते ती त्वचा आणि दिसतात ते केस. म्हणून या आजाराचा इतिहास मुख्यतः चेहरा पाहणाऱ्यांचा इतिहास आहे. चेहरा पाहून लोकांनी काय काय आळ घेतले, आणि मग कोणी सदरा उलटून पाहिला, हे त्यात वाचायला मिळते.

कोल्हा, उंदीर आणि लांडगा

जुन्या वैद्यकाने त्वचेच्या आणि केसांच्या आजारांना प्राण्यांची नावे दिली. ग्रीकांनी केस गळण्याला कोल्ह्याचे नाव दिले, कारण खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस असेच पुंजक्यांनी झडतात. आजचा 'अलोपेशिया' हा शब्द तिथूनच आला. बगदादच्या अनुवादकांनी ग्रीक ग्रंथ अरबीत नेले तेव्हा हे नावही नेले, 'दाउस्सअलब', कोल्ह्याचा आजार. इब्न सिना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये हा शब्द आहे, आणि युनानी हकीम आजही तो वापरतात. केस नागमोडी पट्ट्यात गेले तर त्याला सापाचे नाव, 'दाउल-हय्या'. आपल्या मराठीत 'चाई पडली' म्हणतात, काही ठिकाणी 'उंदरी लागली' म्हणतात. म्हणजे इथे उंदीर हजर झाला.

या जुन्या ग्रंथांत ल्युपस शोधू नये. ती नावे लक्षणाची होती, कारणाची नव्हती. डोक्यावर टक्कल पडले एवढेच त्या वैद्यांना दिसत होते आणि त्यांनी तेवढेच लिहिले. त्यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

लांडगा आला तो मध्ययुगीन युरोपातून. चेहरा किंवा पाय कुरतडल्यासारखे करणाऱ्या जखमांना तिथले शल्यवैद्य 'ल्युपस' म्हणू लागले. लांडग्याने लचका तोडावा तसे मांस जाते, एवढाच अर्थ. या एका नावाखाली कर्करोग होता, त्वचेचा क्षय होता, उपदंश होता, आणि कुठेतरी आज आपण ज्याला ल्युपस म्हणतो तोही असावा. कितीतरी शतके एकाच लांडग्यावर या सगळ्यांचा आळ होता.

पॅरिस आणि व्हिएन्नाचे डोळे

लंडनचे रॉबर्ट विलन (१७५७–१८१२) यांनी त्वचारोगांची शिस्तशीर वर्गवारी मांडली. फोड, पापुद्रे, गाठी, डाग अशा रूपांवरून त्यांनी आजार वेगळे केले. ल्युपस मात्र त्यांच्याकडेही चेहरा नासवणाऱ्या आजारांचेच नाव राहिले.

खरी फोड पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झाली. हे रुग्णालय सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगच्या रुग्णांसाठी बांधले गेले आणि १८०१ पासून त्वचारोगांचे मोठे केंद्र झाले. तिथे पुढे रुग्णांच्या त्वचेचे मेणाचे हुबेहूब नमुने तयार करण्याची प्रथा पडली. आजही त्या संग्रहालयात असे ४००० हून अधिक नमुने आहेत. तिथले लोरां बिएट यांनी गालांवर पसरत जाणाऱ्या, न कुरतडणाऱ्या लालीचे वर्णन केले. बिएट लिहिण्यापेक्षा शिकवत जास्त. त्यांचे म्हणणे त्यांचे शिष्य अल्फे काझनाव्ह यांनी १८३३ मध्ये छापले, आणि १८५१ मध्ये त्यांनीच 'ल्युपस एरिथेमाटोसस' हे नाव दिले. एरिथेमा म्हणजे लाली. लांडगा नावात राहिला, पण आता तो लाल लांडगा झाला आणि मांस खाणाऱ्या जुन्या लांडग्यापासून वेगळा निघाला.

त्याच काळात व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा यांनी गालांवरच्या या चट्ट्याला फुलपाखराची उपमा दिली. नाक म्हणजे अंग आणि दोन गाल म्हणजे पंख. साल १८४६. लांडग्याच्या नावाखालच्या आजाराला एका माणसाने फुलपाखरू म्हणावे, हे मला फार बोलके वाटते. भीतीने पाहिले तर लांडगा दिसतो, शांतपणे पाहिले तर आकार दिसतो. वैद्यकाला आकारच उपयोगी पडतो.

हेब्रांचे जावई मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. त्यांनी दाखवले की या आजाराची दोन रूपे आहेत. एक त्वचेपुरते, गोल चकत्यांचे. दुसरे संपूर्ण शरीरात पसरणारे, ताप, सांधेदुखी आणि मृत्यूपर्यंत नेणारे. त्यानंतर विल्यम ऑस्लर यांनी १८९५ ते १९०४ या काळात तीन लेख लिहून सांगितले की त्वचेवरच्या चट्ट्यांबरोबर मूत्रपिंड, हृदय, पोट यांचेही आजार येऊ शकतात. त्वचेवर दिसते ती आतल्या आगीची नुसती झळ असू शकते, हे तेव्हापासून कळू लागले.

चट्टा वाचावा कसा

आता त्वचेकडे थोडे बारकाईने पाहू.

फुलपाखराचा चट्टा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर येतो. नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते, ती मात्र बहुधा मोकळी राहते. ही लहानशी खूण महत्त्वाची आहे. चेहरा लाल करणारे इतर काही आजार या घडीतही शिरतात, ल्युपसचे फुलपाखरू सहसा शिरत नाही. हा चट्टा उन्हात गेल्यावर उठतो किंवा वाढतो, काही दिवस ते काही आठवडे राहतो, आणि बहुतेक वेळा व्रण न ठेवता जातो.

पुस्तकांत या चट्ट्याचा रंग लाल लिहिलेला असतो, कारण ती पुस्तके गोऱ्या त्वचा पाहून लिहिली गेली. आपल्या सावळ्या त्वचेवर तो तांबूस-काळपट, जांभळट किंवा नुसताच काळवंडल्यासारखा दिसतो. म्हणून आपल्याकडे घरच्या बायका म्हणतात 'वांग आलाय', 'उन्हाने रापलीस', 'नजर लागली'. वांग हा वेगळा आणि निरुपद्रवी प्रकार आहे. पण वांगाबरोबर ताप येत नाही, सकाळी बोटांचे सांधे आखडत नाहीत, तोंडात वारंवार फोड येत नाहीत. चट्ट्याबरोबर ही लक्षणे असतील तर प्रकरण मलमावर सोडून देण्यासारखे नसते.

दुसरे रूप चकतीच्या ल्युपसचे. जाडसर, कडेला गडद, वर घट्ट चिकटलेला पापुद्रा. पापुद्रा उचलला तर त्याच्या खालच्या बाजूला बारीक काटे दिसतात. केसांच्या मुळांच्या छिद्रांत रुतलेले ते खुंट असतात. या चकत्या चेहऱ्यावर, कानाच्या खोलगट भागात आणि डोक्यावर येतात. बऱ्या होताना मधला भाग पांढरट आणि खोल होतो, कडा काळी राहते. हा व्रण कायमचा असतो. ब्रिटिश गायक सील यांच्या गालांवरच्या खुणा अशाच ल्युपसच्या आहेत. त्यांचे मूळ आफ्रिकन असल्यामुळे कितीतरी लोकांनी त्या एखाद्या जमातीच्या विधीच्या खुणा असाव्यात असे ठरवून टाकले. माणसाचा रंग पाहून त्याच्या व्रणाची गोष्ट रचायची, ही सवय जगभर आहे.

केसांचेही असेच दोन प्रकार आहेत. चकती डोक्यावर आली की केसाचे मूळच व्रणात बुजते आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. इथे वेळ फार मोलाची असते. चकती ताजी असताना उपचार झाला तर मुळे वाचू शकतात, नंतर काही करता येत नाही. दुसरा प्रकार शरीरभर पसरलेल्या ल्युपसचा. आजार भडकला की सगळ्याच डोक्यावरचे केस विरळ होतात, कपाळाजवळचे केस कोरडे, ठिसूळ, आखूड तुटलेले दिसतात. मात्र मुळे शाबूत असतात, आणि आजार आटोक्यात आला की केस परत येतात. घाबरलेल्या मुलीला सर्वात आधी हा फरक सांगितला पाहिजे.

वैद्यकालाही केसांचे महत्त्व ठरवता येत नव्हते. १९७१ मध्ये अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी ल्युपस ओळखण्याचे निकष ठरवले तेव्हा त्यात केस गळणे होते. १९८२ च्या सुधारित यादीतून ते काढले, कारण केस इतर अनेक कारणांनीही गळतात. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ते पुन्हा आले आणि २०१९ च्या यादीतही व्रण न ठेवणारी केसगळती आहे. चाळीसएक वर्षे रुग्ण स्त्रिया डॉक्टरांना सांगतच होत्या की केस जाताहेत.

उजेड : एका लांडग्याचे औषध, दुसऱ्याचे विष

एका नावाखाली दोन आजार राहिले तर काय घोळ होतो, याचे उदाहरण डेन्मार्कमध्ये सापडते. चेहरा कुरतडणारा जुना 'ल्युपस व्हल्गारिस' हा त्वचेचा क्षयरोग होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधल्यावर हे उलगडले. कोपनहेगनचे नील्स फिन्सेन यांनी १८९५ पासून कार्बन दिव्याचा प्रखर उजेड भिंगांतून चेहऱ्यावर टाकून या क्षयावर उपचार सुरू केले. लोकांपासून तोंड लपवून बसलेली माणसे बरी होऊन बाहेर पडली. १९०३ मध्ये फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण लाल ल्युपसला तोच उजेड विष आहे. उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशी मारतात. मेलेल्या पेशींचा आतला माल, विशेषतः केंद्रकातला, उघडा पडतो. निरोगी माणसात तो साफ होतो. ल्युपसमध्ये शरीर त्यालाच शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये सोडते, आणि दाह सुरू होतो. कधी कधी गालावरचे ऊन मूत्रपिंडापर्यंत पोचते, म्हणजे उन्हानंतर सगळाच आजार भडकतो. दोन्ही लांडगेच, पण एकाला उजेडाने मारता येते आणि दुसरा उजेडाने जागा होतो. नाव पाहून औषध देणाऱ्याने काय केले असते, याची कल्पना करावी.

रक्ताची खोटी साक्ष

या इतिहासातला सर्वात क्रूर आळ त्वचेने नाही, रक्ताने घेतला.

१९०६ मध्ये उपदंशाची, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'गरमी' म्हणत त्या गुप्तरोगाची, वासरमन चाचणी आली. काही वर्षांतच जर्मन डॉक्टरांच्या लक्षात आले की ल्युपसच्या काही रुग्णांत ही चाचणी उगाचच होकारार्थी येते. कारण पुढे कळले. चाचणीत बैलाच्या हृदयातून काढलेला एक स्निग्ध पदार्थ वापरत, आणि ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात तशाच पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. उपदंशाचा जंतू नसतानाही चाचणी 'आहे' म्हणते.

१९३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी लग्नाआधी उपदंशाची रक्ततपासणी सक्तीची केली. हजारो निरोगी दिसणाऱ्या तरुणींची चाचणी झाली. ज्यांची होकारार्थी आली त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले असेल, हे सांगायला नको. जिने कधी कोणाकडे मान वर करून पाहिले नाही, तिच्या रक्ताने तिच्याविरुद्ध साक्ष दिली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले जोसेफ मूर हे उपदंशाचे जाणकार होते. त्यांनी अशा चाचणी सतत होकारार्थी येणाऱ्या पण उपदंश नसलेल्या लोकांचा पाठपुरावा केला, आणि १९५५ मध्ये लुट्झ यांच्याबरोबर लिहिले की यातल्या अनेक स्त्रियांना पुढे ल्युपस झाला किंवा त्याची चिन्हे दिसली. म्हणजे खोटी साक्ष हीच खऱ्या आजाराची पहिली खूण होती. सदऱ्यावरचे रक्त खोटे होते, आणि ते खोटे आहे हे ओळखल्यावरच खरी गोष्ट हाती लागली.

दरम्यान १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र पांढरी पेशी पाहिली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. तिला एल.ई. पेशी म्हणतात. ल्युपसला स्वतःचा पुरावा मिळाला. पुढे १९५७ च्या सुमारास केंद्रकाविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधण्याची पद्धत आली, आणि आज लिहून दिली जाणारी ए.एन.ए. चाचणी तिचीच वारस आहे. तीही एकटी पुरेशी नाही. निरोगी माणसांतही ती होकारार्थी येऊ शकते. कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहून आले म्हणून कोणाला ल्युपसचा शिक्का मारणे हा नवा आळच होईल.

आपल्याकडचा आळ

आपल्याकडे चेहऱ्यावर चट्टा आला की पहिली कुजबुज कुष्ठाची. उर्दूत जुजाम, मराठीत महारोग. कुष्ठ आणि ल्युपस एकमेकांची नक्कल करू शकतात, अनुभवी डॉक्टरही कधी चकतात. एक साधा फरक असा की कुष्ठाच्या चट्ट्यात स्पर्शाची जाणीव कमी होते. ल्युपसच्या चट्ट्यात सहसा तसे होत नाही. आणि ल्युपस संसर्गाने पसरत नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच जानमाजवर नमाज पढल्याने, हात धरल्याने तो कोणालाही होत नाही. कुष्ठसुद्धा आज औषधांनी पूर्ण बरा होतो, हेही जोडून सांगितले पाहिजे. एकाला निर्दोष ठरवताना दुसऱ्याला गुन्हेगार करायचे नाही.

ही कुजबुज किती खोल गेली होती ते कायद्यात दिसते. १८९८ चा इंग्रजी अमलातला कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पत्नीने फारकत मागण्याच्या कारणांत पतीचा कुष्ठरोग आणि गुप्तरोग शेजारीशेजारी लिहिलेले होते. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतही कुष्ठरोग घटस्फोटाचे कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने या सगळ्यांतून तो शब्द काढला. कायद्यातून शब्द गेला, पण स्थळ पाहायला आलेल्या बायकांच्या नजरेतून तो गेलेला नाही. चेहऱ्यावर चट्टा असलेल्या मुलीची आई आजाराआधी लग्नाची काळजी करते, आणि म्हणून चट्टा आधी झाकला जातो, दाखवला नंतर जातो.

इथे आपल्या घरांतली एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागेल. डोक्यावर ओढणी असते, बाहेर बुरखा असतो, त्यामुळे केस गळताहेत, डोक्यावर चकती आहे, हे घराबाहेर कोणालाच दिसत नाही. कधी घरातही दिसत नाही. तपासणीच्या वेळी गाल दाखवले जातात, डोके दाखवले जात नाही. पडद्याचा यात दोष नाही, उलट उन्हापासून तो आडोसाच देतो. पण डॉक्टरसमोर आजारासाठी डोके उघडायला शरियतची मनाई नाही, आणि लाज वाटत असेल तर स्त्री डॉक्टर शोधता येते. सहा महिने उशीर झाला तर ज्या जागी केस उगवू शकले असते तिथे व्रण उरतो.

सालीपासून गोळीपर्यंत

ल्युपसच्या सर्वात भरवशाच्या औषधाची गोष्ट पेरूच्या जंगलात सुरू होते. सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात हिवतापावर वापरण्यासाठी युरोपात आली. १८२० मध्ये फ्रान्समध्ये तिच्यातून क्विनीन वेगळे केले गेले. १८६० च्या दशकात इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाचे मळे लावले, कारण हिवतापाने त्यांची फौज आणि कारकून मरत होते. ल्युपस त्यांच्या मनातही नव्हता.

१८९४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. पेन यांनी ल्युपसच्या चट्ट्यांवर क्विनीन देऊन पाहिले आणि गुण आल्याचे नोंदवले. मग ही गोष्ट मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवताप होऊ नये म्हणून मेपाक्रीनच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांनी कातडी पिवळी पडे. १९५१ मध्ये लंडनचे डॉ. पेज यांनी मेपाक्रीन दिलेल्या ल्युपसच्या १८ रुग्णांचा अनुभव छापला, आणि हिवतापाच्या औषधांकडे ल्युपसचे डॉक्टर पुन्हा वळले. १९५५ मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच सुमारास कॉर्टिसोन आले. त्याच्या शोधासाठी फिलिप हेंच यांना इतर दोघांबरोबर १९५० चे नोबेल मिळाले होते. अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर या पिढीतल्या रुग्ण. त्यांच्या वडिलांचा १९४१ मध्ये ल्युपसनेच मृत्यू झाला होता. नव्या औषधांच्या आधाराने त्या बारा-तेरा वर्षे जगल्या, लिहीत राहिल्या, आणि १९६४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी गेल्या. आज रुग्णांचे आयुष्य त्याहून कितीतरी लांब असते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन त्वचेचे चट्टे, सांधे आणि केस, तिन्हींवर काम करते, पण सावकाश. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. कॅनडात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ स्थिर रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले आणि काहींचे बंद केले. बंद केलेल्यांत आजार भडकण्याचा धोका अडीच पट निघाला. म्हणून चट्टा गेला की गोळी सोडायची, ही घरोघरची सवय इथे घात करते. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी हवी. गरोदरपणात सहसा हे औषध चालूच ठेवतात. निर्णय डॉक्टरांचा, पण 'पोटात बाळ आहे' म्हणून परस्पर बंद करू नये.

या गोळीला २०२० मध्ये एकदम प्रसिद्धी मिळाली. कोविडवर ती चालते असा गाजावाजा झाला. मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तिची शिफारस केली, लोकांनी दुकानांतून पाकिटे उचलली, सरकारने चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली आणि निर्यात रोखली. मुंबई महापालिकेने धारावी आणि वरळीत ती वाटण्याची योजना जाहीर करून मग थांबवली. जूनपर्यंत मोठ्या चाचण्यांनी दाखवले की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना तिचा फायदा नाही. त्या काही आठवड्यांत ज्यांना ती खरोखर रोज लागते, त्या ल्युपसच्या बाया दुकानांतून रिकाम्या हाताने परतत होत्या. भीतीने लोक लांडगा पाहतात तेव्हा अडचण कोणाची होते, याचे हे ताजे उदाहरण.

सदरा उलटून पाहणे

नवी औषधे येत आहेत. २०११ मध्ये बेलिमुमॅबला मान्यता मिळाली, तेव्हा पन्नासहून अधिक वर्षांनी ल्युपससाठी नवे औषध आले होते. २०२१ मध्ये अनिफ्रोलुमॅब आले, आणि त्वचेवर त्याचा गुण विशेष दिसतो. दोन्ही महाग आहेत. पण आपल्या बहुसंख्य रुग्णांना अजून जुन्या, स्वस्त गोष्टीच वेळेवर मिळत नाहीत: उन्हापासून बचाव, तंबाखू आणि सिगारेट बंद, नियमित गोळी, डोळे आणि लघवीची तपासणी. उन्हापासून सतत आत राहणाऱ्या स्त्रीला ड जीवनसत्त्व कमी पडते, तेही तपासून घ्यावे. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजाची सवलत कुराणानेच दिली आहे. गोळी चुकवून, मूत्रपिंड धोक्यात घालून रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी आणि आलिमशी, दोघांशी बोलावे.

ज्या घरात मुलीच्या गालावर उन्हानंतर चट्टा येतो, कपाळावरचे केस तुटके झालेत, सकाळी बोटे आखडतात, आणि कोणी म्हणते वांग आहे, कोणी म्हणते नजर आहे, कोणी हळूच म्हणते 'ते' आहे, तिथे कोणाचेही ऐकण्याआधी त्वचारोग किंवा संधिवाताच्या डॉक्टरकडे जावे. जाताना डोक्यावरची ओढणी बाजूला करायची तयारी ठेवावी, आणि उन्हात कधी गेलो, चट्टा कधी आला, ते एका कागदावर लिहून न्यावे. हजरत याकूब यांनी रडणाऱ्या मुलांच्या शब्दाबरोबर सदराही पाहिला होता.